दुपारी छापलेलं मत

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दादांचं पत्र घरोघर पडलं की लोक ते मागून उघडायचे. हे अर्जनवीसांना बाहेरून कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. ते त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होतं. बायको हात पुसून पत्र उचलायची, सरळ उलटं करायची आणि चौथ्या पानापासून वाचायला लागायची.

"अगं, पुढून वाच की. पुढे मतं आहेत."

"वाचते हो. आधी बघू तर द्या, त्या जिन्यावरून पडलेल्या बाईंचं पुढे काय झालं."

चौथ्या पानावरून ती तिसऱ्यावर यायची. तिथून दुसऱ्यावर जायच्या आत दूध तरी उतू जायला यायचं, नाहीतर बहिणीचा फोन तरी यायचा. पहिली दोन पानं टेबलावर तशीच पडून राहायची, आणि ती दोन पानं, पूर्णविरामासकट, तिच्या नवऱ्याने लिहिलेली असायची. अर्जनवीस मग चहा प्यायचे आणि तो त्यांना कडू लागायचा. साखर नेहमीइतकीच असायची.

दादा म्हणजे या भागातून सभागृहात निवडून गेलेले प्रतिनिधी. मूळचे बसचे ड्रायव्हर. आणि अर्जनवीस म्हणजे कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी घडीचं टेबल आणि टाइपरायटर मांडून बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस. भाडेकरूचा अर्ज लिहिताना ते भाडेकरू व्हायचे आणि घरमालकाचा लिहिताना घरमालक. एकाच खटल्यातल्या दोन्ही बाजू एकाच सकाळी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेऊन गेल्याचं कोर्टात अजून सांगतात. 'मी, खाली सही करणार' अशी सुरुवात करायची आणि खाली सही भलत्याची व्हायची, हा त्यांचा धंदाच होता. स्वतःच्या नावाने त्यांनी आयुष्यात धड एक ओळ लिहिली नव्हती. लग्नाआधी बायकोला पत्र लिहायची वेळ आली तेव्हा चार दिवस कागद कोरा राहिला होता, असं ती आजही चारचौघांत हसत सांगते.

दादांची गाठ तिथेच पडली. छातीत कळ आलेल्या एका प्रवाशाला त्यांनी भरलेल्या बससकट थेट रुग्णालयाच्या दारात नेलं होतं, आणि ठरलेला मार्ग सोडला म्हणून ते निलंबित झाले होते. अर्जनवीसांनी त्यांच्या वतीने दीड पानाचा अर्ज लिहिला. दादा कामावर परत आले. त्या अर्जाच्या नकला डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात गेल्या, ड्रायव्हरांनी दादांना संघटनेचं पुढारी केलं आणि चार वर्षांनी दादा निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते कोर्टाच्या पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले.

"टेबल घडी करा अर्जनवीस, आणि चला," ते म्हणाले. "मला बोलता येतं. लिहिता येत नाही."

त्याला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षं दर महिन्याला अर्जनवीस दादा होऊन लिहीत होते. अमुक तारखेला अमुक प्रश्नावर मी बाजूने मत दिलं, किंवा विरोधात दिलं, आणि त्याची कारणं अशी. कारणं नेहमी तीन. दोन दिली तर माणूस घाईत वाटतो आणि चार दिली तर खोटा वाटतो, असा त्यांचा हिशेब होता. पत्राच्या शेवटी दादांची सही छापलेली असायची. अकरा हजार घरांत लोक म्हणायचे की दादा बोलतात तसंच लिहितात हो. हे कानावर आलं की अर्जनवीसांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं आणि त्याच क्षणी कुठेतरी टोचायचंही. पण टोचणं त्या काळी बारीक होतं, कारण दुसरं कुणीच लिहीत नव्हतं.

आता या पत्राची एक गोम होती, आणि ती ऑफिसाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. सभागृहात महत्त्वाची मतदानं गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता होतात. छापखानेवाल्यांचं मोठं यंत्र गुरुवारी दुपारपर्यंतच मोकळं असतं, शुक्रवारी ते एका साप्ताहिकाला लागतं. आणि पत्र शनिवारी सकाळी लोकांच्या हातात पडलंच पाहिजे, कारण शनिवारी दादा ऑफिसात बसतात आणि लोक पत्र हातात घेऊन भांडायला येतात. तेव्हा दादांनी पाच वाजता दिलेलं मत अर्जनवीस दुपारी बारालाच लिहून मोकळे व्हायचे. तारीख, बाजू, तीन कारणं. दादांना विचारायचेसुद्धा नाहीत. सतरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

एकदा तर कमाल झाली होती. शाळांच्या वेळा बदलण्याच्या ठरावावर दादांचं काही ठरेना. साडेचारला सभागृहाच्या व्हरांड्यातून त्यांचा फोन आला. "अर्जनवीस, मी काय मत दिलंय?"

"विरोधात दिलंय तुम्ही."

"का बरं?"

अर्जनवीसांनी छापून आलेल्या पानावरून तिन्ही कारणं वाचून दाखवली. दादा आत गेले आणि तीच कारणं, त्याच क्रमाने, सभागृहात बोलले. तो दिवस अर्जनवीसांनी मनात जपून ठेवला होता. दादांच्या मनातलं दादांच्या आधी मला कळतं, असं ते बायकोला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे, आणि ती "हो, आणि माझ्या मनातलं?" असं विचारून भाजी चिरायला घ्यायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चौदा महिन्यांपूर्वी ऑफिसात नर्सबाई आल्या.

नर्सबाई म्हणजे तीस वर्षं रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. सडसडीत, पायात आवाज न करणाऱ्या चपला, हातात एक जाड वही. दादांनी त्यांना वस्तीतल्या कामांसाठी घेतलं होतं. कुणाच्या घरी काय अडलंय ते जाऊन बघायचं, निस्तरता येईल ते निस्तरायचं. पहिल्या महिन्यात दादा म्हणाले, "अहो नर्सबाई, तुम्ही वहीत लिहिता तेच पत्रात घालू या की. मागची दोन पानं तुमची." आणि वर म्हणाले, "खाली तुमचं नाव घाला. गेला होतात तुम्ही, मग मी गेलो असं कसं लिहायचं?"

झालं. चौथ्या पानाच्या तळाशी बाईंचं नाव छापून आलं. ठळक अक्षरांत, आडनावासकट. अर्जनवीसांनी ते नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उभे होते, ते खाली बसले. सतरा वर्षं आपण घासतोय, आणि ही कालची बाई आली आणि तिचं नाव? ते दिवसभर कुणाशी नीट बोलले नाहीत. विचारलं तर दात दुखतोय म्हणाले. दुखत भलतंच होतं.

बरं, बाईंना लिहिता येत होतं म्हणावं, तर तेही नाही. म्हणजे अर्जनवीसांच्या मते नाही. एक नमुना पाहा. 'तळमजल्यावरच्या आजींचं दार आतून उघडत नव्हतं. दादांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. दार उघडलं. आजी म्हणाल्या, आता बंद होत नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार.' ही काय भाषा झाली? ना प्रस्तावना, ना समारोप, ना कारणं. आणि अकरा हजार घरांतले लोक महिनाभर त्या दाराची वाट बघत बसले. पोस्टमनने ऑफिसात पाकिटांचा गठ्ठा ठेवला तेव्हा सगळी बाईंच्या नावावर होती. आजींचं दार लागलं का? आमच्याकडे एक जुनी कडी आहे, पाठवू का? अर्जनवीसांनी नळाच्या पाण्याच्या वाटपावर जे लिहिलं होतं, त्याला आयुष्यातलं सर्वांत सुंदर दुसरं कारण दिलं होतं. त्यावर आलं एक पत्र. तेही पत्ता बदलल्याचं.

पुढे अर्जनवीसांनी काय काय केलं, ते सांगताना सांगणाऱ्यालाच लाज वाटते. जुळणीत त्यांनी बाईंच्या पानांचं अक्षर एका अंकाने लहान केलं. जागेअभावी, म्हणाले. तर म्हाताऱ्या लोकांनी दादांनाच गाठलं, की शेवटचं पान दिसत नाही, मोठं करा. दादांनी मोठं करायला सांगितलं, आणि ती जागा पहिल्या पानांतून गेली. मग त्यांनी बाईंची वाक्यं जोडून लांब करायला घेतली. बाईंनी एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "छान झालंय, पण हे मी नाही बोलले. माझं परत घाला." आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणारी माणसं अर्जनवीसांना हाताळता येत होती. कोर्टात तीच तर गिऱ्हाईकं होती.

सगळ्यांत जिव्हारी लागायचं ते दादांचं हसणं. पूर्वी दादा सकाळी आले की अर्जनवीसांच्या टेबलाशी खुर्ची ओढून चहा घ्यायचे. आता ते पलीकडच्या खोलीत, बाईंच्या टेबलाच्या कडेला टेकून उभे राहायचे, आणि मधल्या काचेतून त्यांचं हसणं यायचं. शब्द ऐकू यायचे नाहीत. अर्जनवीस टाइप करणं थांबवून कान द्यायचे, आणि आपण कान देतोय हे लक्षात आलं की उगाचच जोराजोरात टाइप करायला लागायचे.

अशात ते दवाखान्यांचं विधेयक आलं.

वस्त्यावस्त्यांतले छोटे दवाखाने बंद करून सगळे उपचार एका मोठ्या रुग्णालयात न्यायचे, असा प्रस्ताव होता. दादांचा पक्ष प्रस्तावाच्या बाजूने होता. मोठं रुग्णालय, चांगली यंत्रं, रात्रंदिवस डॉक्टर. अर्जनवीसांना विचार करायचीही गरज पडली नाही. त्यांनी मंगळवारीच लिहून टाकलं की मी बाजूने मत दिलं. तिन्ही कारणं अशी उतरली होती की स्वतःच दोनदा वाचून त्यांनी मान डोलावली.

ऑफिसात एक नियम होता. आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून. त्यामुळे अर्जनवीसांची पानं नर्सबाई तपासायच्या आणि बाईंची पानं अर्जनवीस. बुधवारी दुपारी बाई पानं परत घेऊन आल्या. 'बाजूने' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

"हे एकदा दादांना विचारून घ्या," बाई म्हणाल्या.

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"नाही. पण मला नाही वाटत ते बाजूने देतील. मागच्या आठवड्यात ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते. त्यांचं मन हललंय."

अर्जनवीसांच्या कानशिलांवर गरम झालं. दादांचं मन. हे यांनी आपल्याला सांगायचं? सतरा वर्षं ज्याच्या डोक्यात बसून लिहिलं त्याचं मन, या चौदा महिन्यांच्या बाईने, पेन्सिलीने गोल करून?

"बरं, बघतो," ते म्हणाले.

फोन टेबलावर होता. हात लांब केला असता तर दादांशी बोलणं होऊन दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. पण विचारायचं म्हणजे बाईंना जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही असं कबूल करायचं, आणि उद्या काचेपलीकडून त्याही गोष्टीवर हसणं ऐकायचं. अर्जनवीसांनी खोडरबर घेतलं आणि तो गोल पुसून टाकला. अगदी काळजीपूर्वक, कागद चुरगळू न देता.

मग त्यांनी बाईंची पानं तपासायला घेतली. तपासायला म्हणजे ओळी मोजायला. आठ ओळी जास्त होत होत्या. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता, दादा वस्तीतल्या दवाखान्यात बाकावर दोन तास बसून होते, आणि शेजारच्या आजोबांनी त्यांना न ओळखता विचारलं, तुमचा नंबर कितवा? आठ ओळींचा होता. अर्जनवीसांनी तो उडवला आणि समासात लिहिलं, जागेअभावी. वाचला नाही असं नाही. वाचला. पण त्यात दादांचं मन कुठे दिसतंय का, हे बघायच्या ऐवजी 'नंबर कितवा' या वाक्यावर लोक पुन्हा किती पाकिटं पाठवतील एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

गुरुवारी बाराला पानं छापखान्यात गेली. बाई दिवसभर वस्तीत होत्या. तीन वाजता छापखानेवाल्यांचा फोन आला, की अकरा हजार झाले, घड्या घालून गठ्ठे बांधले, उद्या सकाळी पोस्टात.

पाच वाजता ऑफिसातल्या टीव्हीवर सभागृह दिसत होतं. अर्जनवीसांनी चहा घेतला होता आणि पाय जरा लांब केले होते. एकेक नाव पुकारलं जात होतं. दादांचं नाव आलं. दादा उठले, त्यांनी कोट सारखा केला, आणि म्हणाले, "विरोधात."

अर्जनवीसांना आधी वाटलं, दादांची जीभ घसरली. पण दादा बसले नाहीत. स्वतःच्याच पक्षाकडे वळून ते म्हणाले, "मी त्या बाकावर दोन तास बसून आलोय. तिथे येणाऱ्या माणसांना दोन बस बदलून मोठ्या रुग्णालयात जाता येणार नाही. बसचं मला शिकवू नका, मी आयुष्यभर चालवलीये." सभागृहात गलका झाला. वाक्यं छोटी छोटी होती. कारणं तीन नव्हती, दोनही नव्हती, मोजण्यासारखी नव्हतीच. अर्जनवीसांच्या हातातला चहा गार होईपर्यंत हातातच राहिला. आणि पहिला विचार आला तो छापखान्याचा नाही. पहिला विचार असा आला, की हे त्या नर्सबाईंसारखं बोलतायत.

छापखान्याचा विचार त्यानंतर आला. अकरा हजार घरांत शनिवारी सकाळी कागद सांगणार होता की दादांनी दवाखाने बंद करायला पाठिंबा दिला, त्याची तीन उत्तम कारणंही सांगणार होता, खाली दादांची सही होती. आणि स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहिलेला माणूस आपल्याच लोकांत खोटा ठरणार होता.

फोन करून गठ्ठे थांबवायला सांगितले तेव्हा छापखानेवाले म्हणाले, "थांबवतो. पण परत छापायला यंत्र सोमवारपर्यंत नाही, आणि सोमवारी परत अकरा हजार म्हणजे कागदच नाही."

शुक्रवारी सकाळी दादा आले. ते रात्रीच्या गाडीने आले होते, दाढी वाढलेली होती, आणि पक्षाच्या लोकांनी त्यांची पुरती हजेरी घेतलेली दिसत होती. अर्जनवीसांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पत्र हातात दिलं. दादांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

"लिहिलंय मात्र झकास," दादा म्हणाले. "मलासुद्धा पटलं असतं." मग खुर्चीत बसले. "तुम्हाला कुणी काही बोललं नव्हतं का? मी इतके दिवस घोळत होतो, ऑफिसात कुणाला तरी कळलंच असेल."

नर्सबाई त्याच खोलीत होत्या. खिडकीजवळ उभ्या राहून वहीतून नावं उतरवून काढत होत्या. अर्जनवीसांनी त्यांच्याकडे पाहिलं. आता बोलतील. आता म्हणतील, मी बुधवारी सांगितलं होतं, गोल करून दिला होता. बाईंनी पान उलटलं आणि पुढचं नाव लिहायला घेतलं. त्यांनी तक्रार केली असती तर अर्जनवीसांना निदान रागवायला तरी मिळालं असतं. त्यांच्या त्या गप्प राहण्याने अर्जनवीस आणखी पेटले. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पुढे?

"नाही," अर्जनवीस म्हणाले. आपल्या तोंडून हा शब्द कसा गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दादांनी ठरवलं की गठ्ठे सोमवारी जातील आणि प्रत्येक पत्रात एक चिठ्ठी असेल. छापखान्यातलं लहान यंत्र मोकळं होतं, तीनपर्यंत मजकूर हवा होता. अर्जनवीस जाऊन बसले आणि पाच मिनिटांत लिहून आणलं, 'छपाईतील चुकीमुळे माझे मत चुकीचे छापले गेले आहे.' फोनवर छापखानेवाल्यांना वाचून दाखवलं तर ते खवळले. "माझ्या यंत्राला स्वतःचं मत नाही! तुम्ही दिलंत तेच छापलं. माझ्या नावावर खपवू नका."

दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने चुकीचे मत नोंदवले गेले.' दादांनी ते वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हा 'मी' कोण? मी तर विरोधात दिलं, आणि पूर्ण शुद्धीत दिलं. हे माझ्या सहीने नाही जायचं. चूक ज्याची त्याने लिहायचं, नाव घालून."

"माझं नाव? पत्रात?"

"मग कुणाचं?"

"पण लोकांना कळेल की पत्र मी लिहितो."

"कळू दे की. बसमध्ये कंडक्टर असतो हे प्रवाशांना माहीत असतं. त्याने बस थांबत नाही." दादा उठले. "काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी बघणार नाही. तुम्ही मला सतरा वर्षं कधी विचारलं नाहीत, आता मीही विचारत नाही." हे ते रागाने बोलले नाहीत, पण बोलले आणि पक्षाच्या लोकांना तोंड द्यायला निघून गेले.

अर्जनवीस मशीनपुढे बसले. अकरा वाजले, बारा वाजले. भाडेकरू होऊन लिहिणं सोपं होतं, विधवा होऊन, शिपाई होऊन, दादा होऊन. आता जो कुणी होऊन लिहायचं होतं त्याची भाषाच त्यांना येत नव्हती. सतरा वर्षं नाव छापून यावं म्हणून जीव तुटला, रोज बाईंच्या नावाकडे बघून आतल्या आत जळले, आणि आता नाव छापायला छापखाना थांबलेला होता तर त्यांची बोटं उचलेनात. त्यांना रडू येईलसं वाटलं. दाराकडे पाठ करून ते बसून राहिले.

दीड वाजता कागदावर चार ओळी होत्या. 'या पत्रात दवाखान्यांबद्दल दादांनी बाजूने मत दिल्याचं छापलंय. ते खोटं आहे. दादांनी विरोधात मत दिलं. मतदानाआधीच मी ते लिहिलं होतं. मला बुधवारी सांगण्यात आलं होतं की विचारून घ्या. मी विचारलं नाही, आणि दादांनी विचारल्यावर मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणालो.' खाली त्यांनी आपलं नाव टाइप केलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं शाळेच्या दाखल्यावर होतं तसं.

आणि मग नियम आडवा आला. आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नाही. ऑफिसात त्या वेळी नर्सबाईंखेरीज दुसरं कुणीच नव्हतं. अर्जनवीस काचेपलीकडच्या खोलीत गेले, चौदा महिन्यांत बहुधा तिसऱ्यांदा, आणि कागद नर्सबाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. पेन्सिल उचलली, शेवटच्या वाक्यापर्यंत नेली आणि तिथे थांबल्या.

"मी विचारलं नाही, असं लिहिलंय. का विचारलं नाही ते नाही लिहिलं. लोक विचारतील."

"का ते तुम्हाला माहितीये."

"नाही हो. खरंच नाही. मी सकाळपासून तोच विचार करतेय. माझ्या सांगण्यात काही चुकलं का?"

त्यांच्या तोंडाकडे बघून अर्जनवीसांना कळलं, की या बाईंना खरंच पत्ता नाही. चौदा महिने आपण एकट्यानेच भांडत होतो. ज्यांच्याशी भांडत होतो त्या रोज सकाळी आपल्याला नमस्कार करत होत्या आणि आपली पानं तपासून देत होत्या.

"तुम्ही सांगितलंत म्हणून नाही विचारलं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर उठून फोन केला असता. ते बाकाचं तुमचं लिहिलेलंही मीच काढलं. जागा करता आली असती." सुरुवात केली होती, आता थांबता येईना. "दादा इथे उभे राहून हसतात ना, ते ऐकत मला तिकडे बसवत नाही. तुमचं नाव छापून येतं, ते बघवत नाही. बायको घरी मागून वाचायला घेते, तेही बघवत नाही."

चष्मा काढून बाईंनी टेबलावर ठेवला, परत लावला. रस्त्यावर मागे सरकणारा एक ट्रक पीं पीं करत होता.

"हे घालायचं का?" बाईंनी विचारलं.

अर्जनवीसांनी कागदाकडे पाहिलं. खाली त्यांचं नाव होतं. अकरा हजार घरांत जाणार होतं. ज्याच्यासाठी सतरा वर्षं झुरले ते हेच, आणि लोक ते नाव पहिल्यांदा वाचतील ते असं.

"जागा आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पट्टी घेऊन चिठ्ठीचा नमुना मोजला. "एक ओळ बसेल."

ते आपल्या टेबलाशी गेले. त्या एका ओळीला त्यांना फार वेळ लागला नाही. कारण एकच होतं, तीन शोधायची नव्हती. ओळ टाइप करून त्यांनी कागद पुन्हा बाईंपुढे ठेवला आणि या वेळी खुर्ची ओढून समोर बसले.

'ज्यांनी मला सावध केलं, त्यांचा मला हेवा वाटत होता.'

बाईंनी ती ओळ वाचली. पेन्सिल हातातच होती. त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली, कागदावर एकही खूण न करता तो उचलला, आणि छापखान्याचा नंबर फिरवायला घेतला.